अंगठ्याएवढे उग्र दैवत

स्फूर्तीच्या शोधात माणसे हिमालयात जातात, नदीकाठी बसतात, निदान प्रेमात तरी पडतात; मला मात्र ती पॅसिफिक महासागरातील मार्केसास बेटांवरच्या अशा एका मंडळीने दिली, की जिच्यातील प्रत्येक सभासद दोन्ही हात पोटावर ठेवून, गुडघ्यांत किंचित वाकून, विस्फारलेल्या वाटोळ्या डोळ्यांनी जगाकडे पाहत उभा असतो. या मूर्ती म्हणजे टिकी. हिवा ओआ बेटावर पुआमाऊ येथे त्यांची पाषाणातील भव्य रूपे आजही उभी आहेत. परंतु त्याच बेटांवरचे कारागीर मनुष्याच्या हाडाच्या नळीवर दोन पेरांएवढा टिकी कोरून केसांत घालण्याचे अलंकारही घडवीत, असे वाचनात आले, आणि माझ्या शक्तीच्या बेताचे दैवत मला सापडले. साहित्यात तेवढा मी फेरफार केला. कारण हाडांचा पुरवठा करण्यास आप्तेष्टांपैकी कोणी राजी दिसेना.

लाकूड घेतले ते पांगाऱ्याचे. सावंतवाडीच्या खेळण्यांना चालणारे हे हलके, मऊ लाकूड. आणि हवाई बेटांतील विलिविली हा वृक्षही पांगाऱ्याच्याच गोत्रातला, ज्याच्या ओंडक्यावर तिकडच्या होड्यांची उलांडी तरंगत असे. तेव्हा पांगाऱ्याच्या पोटी टिकी जन्मास यावा, याला वंशावळीच्या दफ्तरात सबळ दाखला आहे.

रौद्र मुद्रा कोरावयाची तर कोरणाराच्या अंतःकरणात प्रथम रौद्ररस उसळला पाहिजे, असा एक भाबडा समज आहे. वस्तुतः भिवईखाली पटाशीने एक सरळ, खोल छेद द्यावा, खालून तिरका येणारा दुसरा छेद त्याला मिळवावा, मधली ढलपी उडवावी. त्या खोबणीत जी छाया साचते, तीच देवाचा कोप. हाच छेद उथळ पडला, तर तो देव निवृत्तिवेतनाच्या हुकमाची वाट पाहत बसलेला शिरस्तेदार दिसू लागतो. उंचीचा तिसरा हिस्सा मस्तकास द्यावा. मार्केसासमध्ये मस्तक हे पावित्र्याचे स्थान मानीत, आणि लघुमूर्तीत पाहणाराची नजर पोचते तीही तेथवरच, तेव्हा धर्म आणि सोय यांचा असा मनोमिलाफ अन्यत्र दुर्मीळ. पटाशी तंतूंच्या उताराने चालवावी; चढाने रेटल्यास खालचा ओठ तत्क्षणी बडतर्फ होतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हत्यार बोथट असताना स्फूर्तीची आराधना करू नये. निसण्यावर धार लागली की स्फूर्ती हुजऱ्यासारखी आपण होऊन दाराशी हजर होते.

माझा टिकी असा सुखरूप जन्मला; त्याच्या हवाईतील भाऊबंदांचे नशीब मात्र निराळे. तेथे 1819 साली जुने धर्मनिर्बंध मोडले गेले, तेव्हा असंख्य मूर्ती अग्नीच्या स्वाधीन झाल्या. आणि पुढे शतकभराने, 1930 नंतरच्या दशकात, हॉलिवूडमध्ये अर्नेस्ट गँट आणि ओकलंडमध्ये व्हिक्टर बर्जेरॉन या दोन गृहस्थांनी दक्षिण समुद्राच्या थाटाची जी मद्यगृहे काढली, त्यांच्या परंपरेत या दैवतांच्या प्रतिकृती द्वारपाल म्हणून रुजू झाल्या, व कालांतराने रमचे पेलेही त्यांच्याच मुखवट्याचे झाले. युद्धदेवता कूला हवाईच्या मंदिरातून कॅलिफोर्नियाच्या गुत्त्यावर धाडणारा असा बदलीचा हुकूम कोणत्याही कचेरीतून सुटला नसता.

आमच्या कुटुंबाला अंगठ्याएवढे देव नवीन नाहीत. देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक पिढ्यान्‌पिढ्या आहे. तरीही टिकीला तेथे प्रवेश मिळाला नाही. "ज्याचा नैवेद्य आपल्याला ठाऊक नाही, त्याला देव्हाऱ्यात घेऊ नये, आणि ज्याला कोणी एके काळी हात जोडले, त्याला दारूच्या दुकानी राबवू नये," हा पत्नीचा निवाडा इतका निर्दोष होता की, त्यावर अपील करण्याचे मला सुचलेही नाही. परंतु गणेशोत्सवाच्या वर्गणीची मंडळी जिन्यावर वाजू लागली, तेव्हा तिनेच हळूच विचारले, "अहो, भिवईखाली जरा अधिक खोल कोरलेला एखादा तयार आहे का, दाराबाहेर ठेवायला?"