सोसण्याचा उपचार

पाळी जाण्याच्या वयात बाईला जो त्रास होतो, त्यावर आपल्याकडे एक रामबाण उपचार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: ‘होतं असं या वयात.’ त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, पथ्य नाही, खर्च तर नाहीच. नवरा, सासू, जाऊ, शेजारीण, कुणीही तो दिवसातून कितीही वेळा देऊ शकतं. दुष्परिणाम झालेच तर फक्त रुग्णाला होतात, उपचार करणाऱ्याला कधीही नाही. इतकी सुरक्षित पद्धत आमच्या पाहण्यात दुसरी नाही.

उपचाराची रीत पाहा. रात्री अडीचला बाई घामाने निथळत उठते. छातीपासून कानशिलांपर्यंत नुसत्या वाफा. ती पंखा पाचवर करते. पलीकडून पांघरुणातून आवाज येतो, “अगं, गारठलो ना मी!” पंखा दोनवर येतो. बाई भिजलेला गाऊन बदलते, छताकडे बघत पहाट करते आणि सहाला डब्याची कणीक मळायला ओट्याशी हजर. ऑफिसात रोजचं नाव आठवत नाही म्हणून ती घाबरते, आणि संध्याकाळी चिरंजीव सांगतात, “आई हल्ली फार चिडचिड करते.” निदानही घरच्या घरी, फुकटात!

अमेरिकेत पाळी साधारण ५१व्या वर्षी जाते, आपल्याकडे ४६-४७व्या. म्हणजे या उपचाराचा लाभ आपल्या बायकांना चार-पाच वर्षं आधीच सुरू होतो. पुढे पंचवीस-तीस वर्षं तो चालू राहतो. दरम्यान इस्ट्रोजेनअभावी हाडं ठिसूळ होतात, एक दिवस ती न्हाणीघरात घसरते आणि खुबा मोडतो. तेव्हा मात्र आपण हात आखडता घेत नाही. चांगलं इस्पितळ, चांगला सर्जन, शिवाय भेटायला येणाऱ्यांसाठी चहा.

अमेरिकनांना हे शहाणपण सुचलं नाही. १९६६ साली रॉबर्ट विल्सन या डॉक्टरांनी ‘फेमिनाइन फॉरएव्हर’ हे पुस्तक लिहून पाळी जाणं हा रोगच ठरवून टाकला. गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या बायका सरसकट घेऊ लागल्या. १९७५मध्ये कळलं की एकट्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर वाढतो. मग जोडीला प्रोजेस्टोजेन आलं. पुढे २००२च्या जुलैमध्ये ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासातला या जोडगोळीचा भाग मध्येच थांबवावा लागला आणि जगभर बायकांनी गोळ्या कचऱ्यात टाकल्या.

त्या भागात १६,६०८ बायका होत्या. दर १०,००० जणींमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे ८ केसेस जास्त निघाल्या, पक्षाघाताच्याही तितक्याच. खुबा मोडण्याच्या मात्र ५ कमी. त्यांचं सरासरी वय होतं ६३, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दशक उलटलेलं. आता एवढं सगळं कोण वाचत बसणार? आपण त्यातलं सार तेवढं घेतलं: हार्मोन म्हणजे कॅन्सर. तेरा पानी निबंधाचा तीन शब्दांत असा निकाल लावणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

आपण हार्मोनला सरसकट भितो, असं मात्र कुणी समजू नये. भाद्रपद जवळ आला की मेडिकलच्या काउंटरवर जाऊन पाहा. “पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या द्या हो,” एवढं म्हटलं की चिठ्ठी न मागता पाकीट हातात पडतं. आत असतं नॉरएथिस्टेरॉन, पाच-पाच मिलिग्रॅमच्या गोळ्या, दिवसाला बहुधा तीन. हेच औषध पाळी गेल्यावरच्या उपचारात मिलिग्रॅमभर दिलं, तर अख्खं घर दचकतं. याचं कारण उघड आहे. तिथे प्रश्न नुसता बाईच्या झोपेचा असतो. इथे गौरी सोवळ्यात जेवायच्या असतात.

या शहाणपणाचं शिखर पाहायचं तर बीड जिल्ह्यात जावं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली २०१९मध्ये शासनाने समिती नेमली होती. ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, त्यात कित्येक चाळिशीच्या आतल्या. हिशोब सरळ आहे. मुकादमाची उचल नवरा-बायको मिळून एका कोयत्याला मिळालेली. पाळीत पोट दुखलं म्हणून दिवस मोडला की पाचशे रुपये खाडा. अंगावरून जातंय म्हणून दवाखाना गाठावा, तर “पिशवी सडलीय, कॅन्सर होईल,” एवढं ऐकवलं की काम झालं. ऑपरेशनसाठी पुन्हा उचल.

पिशवीबरोबर अंडाशयंही गेली, तर पाळी टप्प्याटप्प्याने जात नाही. त्याच टेबलावर संपते. तिशीतल्या अशा बाईला निदान पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावं, असं वैद्यकशास्त्र सांगतं. पिशवी नसल्यामुळे जोडीचं प्रोजेस्टोजेनही सहसा लागत नाही, आणि त्याच अमेरिकन अभ्यासात पिशवी काढलेल्या, नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या गटात स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला नव्हता. हे सगळं फडावर पोचत नाही. तिथे तिच्या डोक्यावर पोचते ती उसाची मोळी.

तर असा आपला कॅन्सरचा धाक. गोळी नाकारायलाही तोच, पिशवी काढायलाही तोच. दोन्हीकडे बचत होते ती दुसऱ्याची आणि अंग झिजतं ते बाईचं.

शेवटी सुज्ञ वाचकांना एक कळकळीची विनंती. साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या निरोगी बाईला वाफांचा त्रास असेल, तर हार्मोन उपचाराचा फायदा बहुधा धोक्याहून जास्त असतो. स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर तो सहसा देत नाहीत. गोळीपेक्षा त्वचेवरच्या पट्टीने किंवा जेलने गुठळ्यांची भीती कमी राहते. ही माहिती घरातल्या बाईच्या हाती लागू देऊ नका. लागली, तर ती थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाईल आणि सरळ उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठणार नाही.