तुरळक ठिकाणी

निवृत्तीनंतर माणसानं एखादा छंद लावून घ्यावा, असं सगळेच सांगतात. कुठला लावून घेऊ नये, ते कोणी सांगत नाही. मी हवामान लावून घेतलं. दर रविवारी सकाळी आमच्या वाईतल्या आळीसाठी आठवड्याचा अंदाज मी काढतो. काढतो म्हणजे, वेधशाळेनं काढलेला मोबाइलवर वाचतो, चष्मा कपाळावर सरकवतो आणि ओट्यावर उभा राहून आपल्या आवाजात सांगतो.

‘तुरळक ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस’ हे वाक्य मी उच्चारलं की आळी हसते. कुठेही पडला, नाही पडला, तरी हे खरंच ठरणार, असं तिचं म्हणणं. मी परोपरीनं सांगतो की यात चक्क गणित आहे. ‘तुरळक’ म्हणजे त्या भागातल्या फार तर पंचवीस टक्के पर्जन्यमापकांत पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत. ‘हलका’ म्हणजे चोवीस तासांत साडेपंधरा मिलिमीटरपर्यंत. यावर शेजारचे अण्णा विचारतात, “मग छत्री न्यायची की नाही?”

खरी अडचण आमच्या गावाच्या बसण्यात आहे. एकाच सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वर, दुसऱ्या टोकाला माण. मधे कुठंतरी पसरणी घाटाच्या पायथ्याशी आम्ही. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढतात. चढताना हवा थंड होते, थंड हवेला तेवढी वाफ पेलवत नाही आणि महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस ओतून मोकळी होते. तीच हवा घाट उतरताना पुन्हा तापते, कोरडी होते. जेमतेम तीस-बत्तीस किलोमीटरवरच्या वाईत हजार मिलिमीटरसुद्धा भरत नाहीत. पहिल्या पंगतीत बासुंदी संपावी आणि दुसऱ्या पंगतीला नुसता वेलदोड्याचा वास यावा, तसा आमचा पावसाळा. पूर मात्र पुरा येतो! कृष्णेला वरचं पाणी येतं, ढोल्या गणपतीच्या पायऱ्या बुडतात, आणि आमच्या अंगणात चिखलसुद्धा नसतो. हल्ली घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतात, त्यामुळे निदान लाल रंग बघून दचकायचं कारण उरलं नाही.

अण्णांचा भरवसा पंचांगावर. मृग नक्षत्राचं वाहन काय, आर्द्राचं काय, हे त्यांना तोंडपाठ. म्हैस, बेडूक, हत्ती आले की ते खूश. कोल्हा आला की पेरणी लांबवायचा सल्ला देतात, स्वतःची एक गुंठा जमीन नसताना. माझा अंदाज चार दिवसांत शिळा होतो. त्यांची एक म्हैस मात्र तेरा-चौदा दिवस सगळ्या देशाला पुरते.

त्यांना गप्प करायला मी गच्चीवर पर्जन्यमापक मांडला. सरळसोट बरणी आणि आत पट्टी. अण्णा म्हणाले, “बरणी केवढीशी! घमेलं ठेव, जास्त पाऊस सापडेल.” सरळ भांड्याचं तोंड रुंद झालं की तळही रुंद होतो, पाण्याची उंची तीच राहते, हे पटवण्यात माझा अख्खा श्रावण गेला. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, हे ऐकून ही म्हणाली, “मग गच्चीवरचं मोजत बसण्यापेक्षा टाकीत सोडा.”

तर यंदाचा मे महिना. हिनं तीन दिवस गहू भिजवले, चीक काढला, पहाटे उठून शिजवला आणि सोऱ्या दाबून दाबून गच्चीभर कुरडया घातल्या. त्याआधी मला रीतसर विचारलं होतं. मी तुरळक म्हणजे पंचवीस टक्के, अर्थात पंचाहत्तर टक्के आपण सुरक्षित, असा हिशोब करून परवानगी दिली. चूक वेधशाळेची नव्हती, हे इथं नमूद करतो.

दुपारी चारला पांडवगडाच्या अंगाला एक ढग फुलकोबीसारखा वर चढू लागला. वळवाचा ढग दहा-बारा किलोमीटर उंच जातो, पण त्याचा घेर लहान आणि आयुष्य तासाभराचं. आधण उकळणार हे नक्की सांगता येतं. पहिला बुडबुडा कुठे फुटेल ते नाही. तो आमच्या गच्चीवर फुटला. पलीकडच्या आळीत धूळसुद्धा बसली नाही. आम्ही पोचेपर्यंत कडेच्या कुरडयांच्या तारा सुटून पुन्हा चीक झाला होता आणि पन्हाळीतून पांढरं पाणी गळत होतं.

मी समजुतीच्या स्वरात म्हणालो, “अगं, १९६१ साली अमेरिकेत लॉरेन्झ म्हणून शास्त्रज्ञ होते. त्यांनी संगणकात ०.५०६१२७ च्या ऐवजी नुसता ०.५०६ आकडा घातला, तर पुढचं सगळं हवामानच बदललं!”

“त्यांच्या बायकोनं कुरडया घातल्या होत्या?” हिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे सकाळी साडेआठला मी बरणी पाहिली. दोन पूर्णांक दोन मिलिमीटर. चोवीस तासांत अडीच भरले तरच तो ‘पावसाचा दिवस’ धरतात. म्हणजे शास्त्राच्या हिशोबानं आदल्या दिवशी आमच्याकडे पाऊस झालेलाच नाही.

हे मी वहीत लिहून ठेवलं आहे. हिला अजून सांगितलेलं नाही.