कीडवाले काका

प्रत्येक सोसायटीत एक कीडवाले काका असतात. तुमच्या सोसायटीत नसतील, तर ते अजून निवृत्त व्हायचेत, इतकंच.

आमचे काका ऑडिट खात्यातले. दर्शनी बाजूवर विश्वास ठेवायचा नाही, हा तिथला संस्कार. त्यामुळे ते घरी आले की यजमानांकडे, नव्या सोफ्याकडे किंवा बारावीत पंच्याण्णव टक्के मिळवलेल्या मुलीकडे ढुंकूनही पाहत नाहीत. थेट टीव्हीशेजारच्या मनीप्लांटकडे जातात आणि पान उलटतात. चष्मा कपाळावर चढतो, खिशातून भिंग निघतं आणि पाठोपाठ एक लांबलचक "हंऽऽ".

"कधीपासून आहे हे?"

"काय, काका?"

"पिठ्या ढेकूण."

चार पाहुणे बसलेले असताना दिवाणखान्यात हे ऐकू येणं कुठल्याच गृहिणीला परवडणारं नसतं. पोरं पाय वर घेऊन बसतात. मग काका समजावतात, की हा तो ढेकूण नव्हे. हा माणसाच्या वाटेला जात नाही, झाडाचा रस पितो. देठाच्या बेचक्यात कापूस अडकल्यासारखं जे पांढरं दिसतं ना, तोच. अंगावर मेण असतं, म्हणून नुसत्या पाण्याला भीक घालत नाही. कान कोरायची कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवायची आणि एकेकाला टिपायचं. आठवड्याने पुन्हा, कारण अंडी मागे राहतात.

"आणि इथली फरशी चिकट लागते ना?"

"हो! त्यावरून मावशींना किती बोलले मी!"

"मावशींचा काय दोष? हे पितात रस आणि टाकतात गोड पाणी. त्या पाण्यासाठी मुंग्या यांची राखण करतात. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली की वर गोठा आहे असं खुशाल समजायचं." मावशी स्वयंपाकघरातून हे सगळं ऐकत असतात. पुढच्या महिन्यात त्या पगारवाढ मागतात, ती मिळतेही.

काका माणसं आडनावाने ओळखत नाहीत. तीनशे दोन म्हणजे लाल कोळीवाले. तिथे एसी दिवसरात्र चालू, हवा कोरडी, आणि कोळ्याला नेमकं तेच हवं असतं. पानावर बारीक फिकट ठिपके, देठांत जाळी. तीनशे दोनने दुकानातून महागडं कीटकनाशक आणून फवारलं, तेव्हा काका कळवळले. "अहो, आठ पायांचा तो. कीटकच नव्हे! एकाचं समन्स दुसऱ्यावर बजावून काय होणार?" पाचशे एक म्हणजे चिलटवाल्या आजी. त्यांची माया अनावर, कुंडीत कायम चिखल. वरची इंचभर माती वाळू द्या, या एका वाक्यासाठी काकांनी त्यांच्याकडे अर्धा डझन वेळा चहा घेतलाय. कुंडीत खोचलेलं पिवळं चिकट कार्ड आजींना शोभेचं वाटतं. दिवाळीला त्यांनी आणखी दोन मागवली.

सोसायटीच्या ग्रुपवर कोणी ताक, हळद, तंबाखूचं पाणी, लसणीचा ठेचा सुचवला की काकांचं एकच उत्तर: "वरून मोहरी-हिंगही घाला." त्यांचं औषध ठरलेलं. लिटरभर पाणी, पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, नाहीतर तेल वरच तरंगतं. फवारायचं संध्याकाळी, पानांच्या पाठीवर. औषध गुणाचं आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. वासाबद्दल मात्र चारशे चारमध्ये विचारा. तिथे मुलीला बघायला मंडळी येणार होती आणि आदल्या संध्याकाळी काका येऊन गेले होते. पोहे न खाताच गेली मंडळी.

अलीकडे मात्र काका बदललेत. 2010च्या सुमारास महाराष्ट्रातल्या पपईच्या बागा पिठ्या ढेकणाने खाल्ल्या, आणि पोर्टो रिकोहून आणलेल्या, मिलिमीटरभरही नसलेल्या एका गांधीलमाशीने त्याला आवरलं, हे त्यांनी कुठेतरी वाचलं. तेव्हापासून फवारणी म्हणजे अडाणीपणा. आता मित्रकीटक! एका प्रयोगशाळेतून त्यांनी ऑस्ट्रेलियन ढालकिडे मागवले. इंग्रजांनी 1898 साली कॉफीच्या मळ्यांसाठी भारतात आणला, तोच हा पिठ्या ढेकणांचा काळ.

अडचण एवढीच, की काकांनी इतकी वर्षं मेहनत घेतल्यामुळे सोसायटीत ढालकिड्यांना खायला ढेकूणच उरला नव्हता. ज्या घरांत ते भिंग घेऊन शिरायचे, तिथे आता वाडगा घेऊन जाऊ लागले. स्वच्छ पान पाहून त्यांचा चेहरा पडायचा. शेवटी वॉचमनच्या जास्वंदीची बरबटलेली फांदी त्यांनी पन्नास रुपये देऊन आणली. ढालकिडे रमले, अंडी घातली, आणि अळ्या निघायच्या बेतात असताना काकांना भाच्याच्या लग्नाला सांगलीला जावं लागलं.

आता निसर्गाची एक खोडी अशी, की या ढालकिड्याची अळी अंगावर पांढऱ्या मेणाचे झुपके घेऊन फिरते आणि हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. काका परतले तेव्हा काकू कुंडीपाशी बसल्या होत्या, हातात कापसाची काडी, शेजारी स्पिरिटची बाटली.

"एकही ठेवला नाही बघा," काकू म्हणाल्या. "आणि चांगले जाडजूड होते हो या खेपेला. तो तांबूस डोक्याचा काळा किडा तेवढा उडून गेला, पण येईल परत. कुठे जातोय!"