भिंतीला कान, आम्हाला सबटायटल

मराठी घरात रात्री आठ ते दहा या वेळेत एक वाक्य न चुकता आणि अगदी स्पष्ट ऐकू येतं. ते टीव्हीतून येत नाही, सोफ्यावरून येतं. 'काय म्हणाली गं ती?' उत्तर देणारी 'अगं, ती म्हणाली की...' असं सुरू करते, तेवढ्यात टीव्हीवरची दुसरी काहीतरी बोलून जाते आणि मग दोघी मिळून तिसऱ्याला विचारतात. एकत्र कुटुंबपद्धती मोडली म्हणून गळे काढणाऱ्यांनी हे बघावं. ती टिकवून धरण्याचं काम आज टीव्हीचा आवाज करतो आहे, कारण एकट्यादुकट्या माणसाला आता मालिका कळूच शकत नाही.

हे यश काही आपोआप मिळालेलं नाही. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं, त्या काळचा टीव्ही म्हणजे चांगला ऐसपैस पेटारा. पडद्याच्या शेजारी स्पीकरची जाळी आणि तिचं तोंड थेट माणसांकडे. पुढे प्रदीप भिडे बातम्या वाचायला लागले की आत पोळ्या लाटणारीलाही शब्द न् शब्द कळायचा. ज्यांच्याकडे टीव्ही नव्हता त्या शेजाऱ्यांनाही कळायचा. मग टीव्ही रोडावत गेला. पडदा पंचावन्न इंचांवर पोचला आणि जाडी बोटभर उरली. एवढ्याशा जागेत स्पीकर मावणार कुठे? त्याची रवानगी खालच्या कडेला नाहीतर थेट पाठीमागे झाली. भिंतीला कान असतात असं आपले पूर्वज सांगून गेले होते. कंपन्यांनी ते अक्षरशः मनावर घेतलं. आता टीव्ही सगळं आधी भिंतीला सांगतो. तिथून ते गुळगुळीत टाइल्सवर आणि काचेच्या टीपॉयवर आपटत, वरच्या पंख्याच्या घरघरीतून वाट काढत आपल्यापर्यंत येतं. पोचतं तेव्हा त्यातलं 'आ', 'ओ', 'ऊ' एवढंच शिल्लक असतं.

भिंतीपासून वाचलात तरी पुढे गणित आहे. सिनेमे आणि वेबसिरीज यांचा आवाज बहुतेक वेळा ५.१ पद्धतीने बनवतात. म्हणजे पाच स्पीकर आणि वर धमाक्यांसाठी एक दणदणीत डबा. संवाद बहुतांशी मधल्या स्पीकरच्या वाट्याला येतात. आपल्या टीव्हीला डावा आणि उजवा असे दोनच स्पीकर. मग मधल्याचा आवाज प्रत्येक बाजूला तीन डेसिबल कमी करून दोघांत वाटून टाकतात. कागदावर हिशेब चोख आहे. पण त्या दोन्ही बाजूंना आधीच पाऊस, व्हायोलिनं, बुलेटचा आवाज आणि बॉम्बस्फोट पाय पसरून बसलेले असतात. त्यांच्यात संवादाला मिळते ती लोकलमधली चौथी सीट.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजून कुणी न्यूनगंड बाळगू नये. २०१४ साली बीबीसीच्या 'जमैका इन' या मालिकेतले संवाद कळत नाहीत म्हणून दोन हजारांहून जास्त तक्रारी आल्या. इंग्रजांना इंग्रजी कळेना, ही बातमी आपल्या कित्येक पिढ्यांच्या जखमेवर फुंकर घालणारी होती. दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलन यांना तर दुसऱ्या दिग्दर्शकांनी फोन करून त्यांच्या सिनेमातले संवाद ऐकू येत नसल्याचं कळवलं, हे नोलन यांनीच सांगितलेलं आहे. त्यांना फरक पडला नाही. दिग्दर्शकाला पडतही नाही. त्याने ते वाक्य लिहिताना, वाचताना, चित्रित करताना आणि संकलनात शंभरदा ऐकलेलं असतं. लाखो रुपयांच्या स्टुडिओत बसून तो ते एकशे एकाव्यांदा ऐकतो आणि म्हणतो, 'क्लिअर आहे!' नटाचंही तेच. शिवाजी मंदिरच्या शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत शब्द पोचवणं हा एके काळी अभिनयाचा पहिला धडा होता. आता स्वतःच्या कॉलरला ऐकू गेलं तरी त्याला सहजसुंदर अभिनय म्हणतात. माईक तिथेच अडकवलेला असतो ना.

आपल्या मालिकांनी यात स्वतंत्र भर घातली आहे. सुनेच्या पर्समधून सासूची पाटली निघते. ढँण! सासूचा चेहरा. ढँण! नणंदेचा चेहरा. ढँण! ज्याचा काही संबंध नाही त्या मेहुण्याचा चेहरा. हा भाग पार्किंगमधल्या वॉचमनलाही ऐकू जातो. मग ती पाटली पर्समध्ये कशी आली, हे ज्या एका वाक्यावरून कळणार असतं ते वाक्य सून मान खाली घालून पुटपुटते आणि त्याच वेळी बासरी सुरू होते. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण पार्श्वसंगीतासाठीच असावी.

आजी आवाज वाढवतात. त्याच क्षणी जाहिरात लागते आणि देवघरातलं निरांजन विझता विझता वाचतं. जाहिरातींचा आवाज अवास्तव मोठा नसावा असं १९९४ च्या केबल टेलिव्हिजन नियमांत लिहिलेलं आहे. ते मालिकेतल्या कुणीतरी पुटपुटत वाचून दाखवलं असणार, म्हणून जाहिरातवाल्यांपर्यंत पोचलं नाही. त्यांची युक्ती साधी आहे. सर्वांत मोठा आवाज मर्यादेतच ठेवायचा, मात्र बारीक आवाज फुगवून तितकाच मोठा करायचा. पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत सगळंच ठणाणा.

तक्रार केलीत तर उत्तर तयार असतं: 'कान तपासून घ्या.' वयानुसार वरच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात हे खरंच आहे. स, श, थ, फ यांसारखी व्यंजनं तिथेच असतात. ती मुळात नाजूक, आणि अर्थ त्यांच्यावरच टिकलेला. पण मग ज्या प्रेक्षकांचं वय सर्वांत जास्त, त्यांच्यासाठीच्या मालिकांत त्या व्यंजनांवर ढोल का वाजवायचा? आणि आजोबांच्या कानाबद्दल बोलायचं तर आतल्या खोलीत त्यांच्या मधुमेहाबद्दल कुजबुजून बघा. बाहेरून उत्तर येईल.

उपाय आहेत. ते अशा ठिकाणी ठेवले आहेत की सहसा सापडू नयेत. रिमोटवरच्या सेटिंग्जमध्ये, त्यात साउंडमध्ये, त्यात अ‍ॅडव्हान्स्डमध्ये शिरलात तर 'क्लिअर व्हॉइस' किंवा तसल्याच नावाची सोय असते. 'नाइट मोड' धमाके दाबतो आणि कुजबुज वर काढतो. अ‍ॅपमध्ये ५.१ ऐवजी स्टिरिओ निवडला तरी पुष्कळदा फरक पडतो. २०२३ पासून प्राइम व्हिडिओवर निवडक कार्यक्रमांसाठी संवाद वाढवण्याची सोय आली. बीबीसीने २०१९ साली 'कॅज्युअल्टी' मालिकेच्या एका भागात प्रेक्षकाच्या हातीच कळ दिली होती; ती सरकवली की गोंगाट मागे आणि बोलणं पुढे. म्हणजे करता येतं. घरात जाड पडदा आणि सतरंजी टाकली तरी घुमणं कमी होतं.

पण यात कुणाचा धंदा होत नाही. म्हणून खरा उपाय दुकानदार सांगतो: साउंडबार घ्या. पूर्वी टीव्हीच्या पोटात असलेला आवाज काढून घेतला, वेगळ्या खोक्यात भरला आणि त्याची वेगळी पावती फाडली. तोही घेताना २.१ आहे की ३.१ ते बघावं लागतं. २.१ मध्ये मधला, म्हणजे संवादाचा स्पीकरच नसतो. दणका देणारा डबा मात्र असतो. तो लावल्यावर संवाद तुम्हाला कळत नाहीतच, धमाके मात्र खालच्या मजल्यावरच्यांनाही कळू लागतात.

ज्यांना हा खर्च परवडत नाही त्यांच्यासाठी सबटायटल आहेत. ती इंग्रजीत. साताऱ्याच्या वाड्यातला मराठी बाप मराठी मुलाला मराठीत काय म्हणाला, हे कळायला आजींना इंग्रजी यावं लागतं. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ऐकू येण्याचा दर्जा मिळायला अजून एखादी समिती नेमावी लागेल.

तोवर ग्राहकाच्या हाती एकच शस्त्र आहे. दुकानात टीव्ही दाखवताना पोपट, धबधबे आणि कापलेली कलिंगडं दाखवतात. यातल्या कुणालाच संवाद नसतात, हा योगायोग नव्हे. तेव्हा विक्रेत्याला सांगा, बाबा रे, पोपट राहू दे, सासू लाव. आजींना सोबत न्या, पडद्याकडे पाठ करून बसवा आणि पाटली कुणी लपवली ते विचारा. सांगता आलं तरच पैसे मोजा. इतर खरेदी डोळे उघडे ठेवून करावी. टीव्ही मात्र डोळे मिटूनच घ्यावा.