सरांना हवाय एक लेखनिक

सोनईत कुणी पोरगं कथा लिहायला लागलंय, ही बातमी त्याच्या घरच्यांआधी सरांना कळते. संध्याकाळी चहाच्या हॉटेलात बोलावणं जातं. येताना त्यानं कथा आणायची आणि चहाचे पैसेही. सर मराठीचे निवृत्त शिक्षक. असा एक सल्लागार प्रत्येक मोठ्या गावात असतो. आमच्या वाट्याला हे आलेत.

कागद हातात आला की सर पहिलं पान न वाचताच उलटतात. "सूर्य उगवला, पाखरं किलबिलली, हेच असणार. लेका, शेजारी शिंगणापूर आहे, तिथल्या घरांना दारं नाहीत. कथा तशी पाहिजे. वाचक रस्त्यावरून थेट चुलीपाशी!" मग लाल पेन निघतं. 'अतिशय', 'अत्यंत', 'जणू काही' ही मंडळी पटापट धारातीर्थी पडतात. "रडली म्हण. ओक्साबोक्शी कशाला? किती रडली ते तिच्या सासूच्या तोंडून कळू दे." संवाद बेगडी वाटले तर शिक्षा ठरलेली. गळीत हंगामात मुळा कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्यांपाशी उभं राहायचं आणि तोडणीवाले काय बोलतात ते ऐकून यायचं. "वही नेऊ नको. वही दिसली की माणसं पुस्तकी बोलतात." एक जण खरंच गेला. आला तो शिव्यांचा भरघोस साठा घेऊन, पण त्याची पुढची कथा सरांनी शेवटपर्यंत वाचली.

सल्ला अगदी खरा आहे. फक्त सरांनी स्वतः तो कधी पाळलेला नाही.

1997 साली यशवंतराव गडाखांनी नगरला साहित्य संमेलन घडवून आणलं, ना. सं. इनामदार अध्यक्ष होते. त्या मांडवातून परतल्यावर सरांनी कादंबरीची वही घातली. पहिलं वाक्य असं : 'पूर्वक्षितिजावर सुवर्णरश्मींची उधळण करीत भास्कराचे आगमन झाले.' भास्कर आला तो तिथेच थांबलाय. नगरला काही काळ शिकवून गेलेल्या नेमाड्यांनी 'कोसला' पंचविशीत लिहिली, असं कुणी सुचवलं, तर सर म्हणतात, "म्हणूनच घाई दिसते."

फारच टोकलं की ते नेवाशाकडे बोट करतात. "1290 साली ज्ञानेश्वरी झाली ती इथंच. माउलींनी सांगितली, लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी. माझा सच्चिदानंदबाबा कुठाय?" सगळं हॉटेल हसतं. मला मात्र यात तथ्य वाटतं.

कारण हेच सर घोडेगावच्या बाजारातून आणलेल्या म्हशीची गोष्ट सांगतात तेव्हा समोरचा चहा निवतो. सुरुवातच अशी : "धार काढायला बसलो, तर म्हैसही बसली." मग मागं जाऊन बाजार, रुमालाखाली बोटं दाबणारा व्यापारी, आणि 'गरीब आहे, गरीब आहे' एवढंच त्याचं बोलणं. म्हशीचा रंग नाही, आकाशाचा तर नाहीच नाही. सर म्हशीला उठवायचे आठ उपाय सांगतात आणि प्रत्येक उपायात शेजारचा एकेक माणूस गोठ्यात येऊन उभा राहतो. शेवटी दारातून बाई म्हणतात, "म्हैस राहू द्या. तुम्हीच बाजारात परत जाऊन या." इथं सर कप उचलतात. पुढं एक अक्षर नाही.

"सर, हेच लिहा की!" मी एकदा म्हणालो. दोन दिवसांनी कागद आला : 'महिषीच्या मुखमंडलावर विषण्णतेची छटा पसरली होती.' सासू नाही, शेजारी नाही, व्यापारीही नाही. लाल पेन खिशातच होतं.

तेव्हा कथा लिहिणाऱ्यांनो, सोनईला आलात तर सरांना आपलं लेखन दाखवू नका. त्यांना म्हशीची विचारा. कुठं सुरू केलं, कुणाला किती बोलू दिलं, कुठं तोंड मिटलं, ते ध्यानात ठेवा आणि घरी जाऊन जसंच्या तसं उतरवून काढा. वही तेवढी दिसू देऊ नका. दिसली की सरही पुस्तकी बोलायला लागतात.