भिगवणचे पक्षी-छायाचित्रण : पूर्वतयारी, विधी व पथ्ये

भिगवणच्या फ्लेमिंगोंचे वेळापत्रक पाटबंधारे खाते ठरवते. जिज्ञासूने अभ्यासाला येथूनच सुरुवात करावी. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्यात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते आणि त्यातले निम्म्याहून अधिक मृतसाठ्यात मोडते. धरण काठोकाठ भरलेले असले की फुगवट्यावरच्या भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या गावांजवळचे चिखलाचे उथळ पट्टे बुडालेले राहतात. फ्लेमिंगोला त्याच्या गुडघ्याइतके पाणी आणि खाली मऊ गाळ लागतो. तो नसेल तर पाहुणा लांबणीवर पडतो. कालव्यांना पाणी सुटून उजनी उतरू लागली, गाळ उघडा पडला, की थवे दिसू लागतात. म्हणून छायाचित्रकाराने डिसेंबरपासून वर्तमानपत्रात उजनीची टक्केवारी पाहत जावे. सोलापूरकडचा ऊसवाला हा आकडा घसरू नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेला असतो. छायाचित्रकाराला तो लवकर घसरायला हवा असतो. ही इच्छा माढा-मोहोळच्या सोयऱ्यांपुढे बोलून दाखवू नये.

पाण्याविषयी आणखी एक टीप. मुळा-मुठा पुण्याचे सांडपाणी घेऊन भीमेला मिळते आणि भीमा ते उजनीत आणून सोडते. पुण्याच्या छायाचित्रकाराच्या न्हाणीघरातले पाणी अशा रीतीने त्याच्या आधीच येथे पोहोचलेले असते. काठाची जलपर्णी पाहून "या लोकांना शिस्तच नाही" असे उद्गार काढण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

प्रस्थान. पुण्याहून भिगवण सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर आहे. पहाटे चारला निघायचे असे आदल्या रात्री ठरते आणि पावणेपाचला निघणे होते, कारण चौघांपैकी एकाची बॅटरी चार्जरवरच राहिलेली असते व ती आणायला गाडी कोथरूडपर्यंत परत वळवावी लागते. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्यानंतरचे दोन तास खरे कामाचे. पुढे ऊन चढले की पाण्यावरची हवा तापून थरथरू लागते, आणि त्या थरथरीपुढे कुठल्याही किमतीच्या लेन्सचे काही चालत नाही. लांबचा पक्षी धूसर तो धूसरच येतो. घरी गेल्यावर दोष लेन्सला दिला जातो आणि नवी घेतली जाते. म्हणून मिसळ परतताना खावी. जाताना मिसळीला थांबणाऱ्यांना त्या दिवशी मिसळीचे उत्कृष्ट फोटो मिळतात.

साधने. ६०० मिलिमीटरची मोठी लेन्स तीन किलोच्या आसपास भरते. तिच्यासाठी गाडीत स्वतंत्र आसन असते; सहधर्मचारिणी सोबत असल्यास ती मागे बसते. तिपाई होडीत उपयोगाची नाही. होडी हलते तशी तिपाई हलते, शिवाय शेजाऱ्याच्या नडगीला लागते. त्याऐवजी जाड कापडाची पिशवी तांदळाने किंवा राजम्याने निम्मी भरून होडीच्या काठावर ठेवावी आणि लेन्स तिच्यात रुतवावी. पिशवी गच्च भरू नये, लेन्स घसरते. उभ्या पक्ष्यासाठी होडीतून सेकंदाच्या हजाराव्या भागाचे शटर पुरते. उडत्यासाठी दोन हजारावा भाग ठेवावा. पांढरा पक्षी गडद पाण्यावर असेल तर कॅमेरा फसतो आणि पिसे चुन्यासारखी सपाट येतात. अशा वेळी उजेड थोडा उणे करावा.

पोशाख. बाजारात पक्षी-छायाचित्रकारांसाठी ओकच्या पानांच्या छापाचे जाकीट मिळते. ते घालून निळ्या-केशरी रंगवलेल्या होडीत, उघड्या पाण्याच्या मधोमध बसावे.

नावाडी. हा या विषयातला सर्वात महत्त्वाचा घटक, आणि साधनांच्या कुठल्याही यादीत तो सापडत नाही. तो मूळचा मासेमार. जाळे लावायला आणि काढायला बारा महिने याच पाण्यावर असतो, त्यामुळे कालचा थवा आज कुठल्या उंचवट्याला असेल, वारा फिरल्यावर कुठे सरकेल, हे त्याला कोणतेही ॲप न उघडता कळते. सूर्य पाठीशी यावा म्हणून तो होडी लांबून वळसा घालून नेतो. छायाचित्रकाराला हा वळसा म्हणजे पेट्रोलचा हिशेब वाढवण्याची युक्ती वाटते. इंजिन बंद करून तो बांबूने होडी ढकलू लागला की समजावे, जागा आली. त्यानंतर बोलू नये, बॅगेचा वेल्क्रो फाडू नये, आणि तिघांनी एकाच बाजूला जमू नये. या तिन्ही गोष्टी एकाच क्षणी घडतात, हे निरीक्षणाने सिद्ध आहे.

किरकोळ पक्षी. फ्लेमिंगोकडे जाताना होडी ज्यांच्यामधून जाते त्यांना छायाचित्रकारांच्या परिभाषेत 'कॉमन' म्हणतात. जो पक्षी आयुष्यात प्रथमच दिसला तो 'लायफर', ज्याचा फोटो बिघडला तो 'रेकॉर्ड शॉट', उरलेले सगळे 'कॉमन'. या शेवटच्या वर्गात हळदी-कुंकू बदक येते, ज्याच्या काळ्या चोचीच्या टोकाला हळद आणि बुडाशी कुंकू लागलेले असते. फावड्यासारखी चोच पाण्याला टेकवून एकमेकांमागे गोल गोल फिरणारे थापटे येतात. तांबड्या काडीपायांवर स्वतःला कसेबसे तोलतोय असा भास करून देणारा आणि कधीच न पडणारा शेकाट्या येतो. टिबुकली फोकस लागल्यावरच बुडी मारते आणि भलतीकडे वर येते. कवड्या खंड्या हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि मग दगड टाकावा तसा पाण्यात पडतो. एखादा सबंध सकाळ याच्याकडे बघत बसला तर त्याची सकाळ फुकट गेली असे म्हणता येणार नाही. मोठ्या लेन्सवाल्या माणसाने मात्र तसे करू नये, समूहात हसे होते.

पाण्यातून वर आलेल्या वठलेल्या खोडावर मीनखाई घार बसलेली असते. मासा नेताना ती त्याचे तोंड पुढे ठेवते, म्हणजे वाऱ्याचा अडथळा कमी होतो. हे दृश्य मिळाल्यास फोटो काढावा. मासा आडवा का धरला नाही, रचना बिघडली, अशी तक्रार करू नये.

कुरव. तपकिरी डोक्याचे कुरव हिवाळ्यात बहुधा पांढरे डोके घेऊनच येतात, डोळ्यामागे एक काळपट डाग तेवढा असतो. हे दिसले की होडीतल्या कोणीतरी शेवेचा पुडा फोडतो. पक्षी अंगावर येतात, फोटो हमखास मिळतात. दूरवरून उडत आलेल्या पाहुण्याला बेसन आणि पामतेल खाऊ घालणे यास अतिथी-सत्कार म्हणतात. शेव स्वतः खावी.

फ्लेमिंगो. खाताना हा मान खाली सोडून चोच उलटी धरतो, पायांनी गाळ ढवळतो, आणि जिभेच्या दट्ट्याने पाणी आत-बाहेर करत त्यातले बारीक जीव गाळून घेतो. एवढ्या मोठ्या पक्ष्याचे पोट एवढ्या बारीक अन्नावर भरायचे, म्हणून हे काम तासन् तास चालते. उभा असताना तो बराचसा पांढरट, किंचित गुलाबी, पिल्ले करडी. पंख उघडले की लाल-काळा भडका उडतो. छायाचित्रकाराला भडका हवा असतो, फ्लेमिंगोला जेवण. या मतभेदात "मामा, जरा उडवा ना" हे वाक्य जन्माला येते. त्यासोबत शंभराची नोट पुढे होते.

मामा बहुतेकदा म्हणतात, "साहेब, थोडं थांबा, ते आपणहून उडतील." ते खरे असते. चरण्याची जागा बदलायला थवे दिवसातून स्वतःच उठतात. जड पक्षी असल्याने तो जागच्या जागी उडू शकत नाही, पाण्यावर धावत जाऊन उठतो, आणि उठतो तो वाऱ्याकडे तोंड करून. तेव्हा सूर्य आणि वारा दोन्ही छायाचित्रकाराच्या पाठीशी असतील तर थवा उजेडात आणि समोर तोंड करून उठेल. असा योग रोज येत नाही. आला तर नावाड्याने तो जुळवलेला असतो. किती जवळ जावे याचे उत्तरही पक्षीच देतात. चरत असलेल्या माना एकामागून एक वर येऊ लागल्या की होडी थांबवावी. सगळा थवा पाठ करून चालू लागला तर मर्यादा ओलांडली गेली आहे, मागे फिरावे. पुन्हा माना खाली गेल्या की बसून राहावे. दहा मिनिटे, वीस मिनिटे. लाखो रुपयांची लेन्स ज्याला परवडते त्याला वीस मिनिटे परवडत नाहीत, हे कोडे अद्याप सुटलेले नाही. उडाले नाहीत तर नाही उडाले. घरी जावे.

ज्यांना तेवढा धीर नाही ते उडवतात. पक्ष्यांची खाल्लेली ताकद उडण्यात जाते, थवा दूर पाण्यापलीकडे जाऊन बसतो, आणि मागून आलेल्या सहा होड्यांतले लोक, त्यांतली दोन लहान मुले, रिकामा चिखल बघून परततात. फोटोखाली मात्र 'निसर्गाची मुक्त भरारी' असे लिहिलेले आढळते.

भोजन. काठावरच्या घरी चिलापीचे कालवण आणि ज्वारीची भाकरी मिळते. चिलापी मूळची आफ्रिकेची, आता उजनीची झाली; पाहुण्यांच्या यादीत तिची नोंद कोणी करत नाही. काटे जपून काढावेत.

निवड. सेकंदाला वीस फोटो काढणारा कॅमेरा दहा सेकंद दाबून धरला की दोनशे फोटो होतात. एका सकाळचे सहज दोन-तीन हजार. त्यांतले डोळा स्पष्ट आलेले ठेवावेत, बाकी त्याच रात्री पुसावेत. प्रत्यक्षात 'नंतर बघू' म्हणून सगळे हार्ड डिस्कवर जातात. प्रसारित करताना स्थळ 'गुप्त' असे लिहिण्याची पद्धत आहे, मग ते महामार्गावर पाटी लावलेले का असेना.

शेवटची पायरी म्हणजे नावाड्याला फोटो पाठवणे. होडीतून उतरताना त्याचा व्हॉट्सॲप क्रमांक सगळेच घेतात. फ्लेमिंगोचे फोटो पाठवू नयेत, फ्लेमिंगो तो रोज बघतो. त्याला त्याचा स्वतःचा हवा असतो : होडीत उभा, हातात बांबू, मागे पाणी. तसा काढलेला नसल्यास ही पायरी गाळावी.