सरासरी काय निघाली?

"वहिनी, तुमचा शाम्पू स्वस्त झाला म्हणे," आक्का तारेपलीकडून म्हणाल्या.

"झाला ना, 22 सप्टेंबर 2025 पासून. शाम्पू, साबण, टूथपेस्ट, सगळ्याचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 वर आला."

"आणि ट्रॅक्टर 12 वरून 5 वर. म्हणजे आता चांगलं डोक्यावरून न्हायचं, नव्या ट्रॅक्टरवर बसायचं आणि लासलगावच्या बाजारात जाऊन साडेनऊशे रुपये क्विंटलनं कांदा टाकून यायचं."

आमच्या निफाड तालुक्यात आर्थिक धोरणावरची चर्चा ही अशी चालते. टीव्हीवर कोणी जीडीपी सांगो, इथं संध्याकाळी विचारायचं ते एकच: सरासरी काय निघाली? जास्तीत जास्त भाव व्हॉट्सअपवर फिरतो, पण तो एखाद्याच ट्रॅक्टरच्या नशिबी असतो. जाणता माणूस सरासरी विचारतो.

एवढ्यात पलीकडचे अण्णा पेपर घेऊन आलेच. बँकेतून निवृत्त झाल्यापासून सरकारची बाजू मांडायला त्यांना भरपूर वेळ असतो.

"आक्का, 1 एप्रिल 2025 पासून कांद्याचं निर्यात शुल्क शून्य केलंय. आता कसली तक्रार?"

आक्कांनी कमरेला पदर खोचला. आता तारखा येणार हे मी ओळखलं. आक्कांना नातवंडांचे वाढदिवस आठवत नाहीत, पण सरकारी अधिसूचना पाठ असतात. "ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के शुल्क लावलं. ऑक्टोबरात सांगितलं, टनाला 800 डॉलरच्या खाली बाहेर पाठवायचा नाही. आणि डिसेंबरात दारच लावून घेतलं. तेव्हा बाजारात होता लाल कांदा. उन्हाळ असता तर चाळीत टाकला असता, चार महिने थांबले असते. लाल टिकतो का हो अण्णा? आज काढला की आज विकायचा. तुमचा कागद रात्रीत निघतो, माझं शेत रात्रीत रिकामं होतं का?"

"मे 2024 मध्ये बंदी उठवली की."

"उठवली, 20 तारखेच्या मतदानाच्या तोंडावर! आणि 40 टक्के शुल्क तसंच ठेवलं. ते सप्टेंबरात 20 वर आलं, शून्य व्हायला पुढचा एप्रिल उजाडला. तोवर गिऱ्हाईक काय आपल्या नावानं उपाशी बसलं होतं? आपण शटर ओढलं, पाकिस्ताननं दुकान मांडलं. बांगलादेश स्वतःच्या शेतकऱ्याला जपायला लागला."

त्या लोकसभा निवडणुकीत दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या, तेव्हा अण्णा दोन दिवस कुंपणाकडे फिरकले नव्हते. हा विषय निघाला की ते पेपराची घडी घालतात. पण हरायचे नाहीत.

"शहरातल्या बाईनं काय करायचं मग? 70 रुपयांनी घ्यायचा? 1998 मध्ये दिल्लीतलं सरकार कांद्यापायी गेलं, ते विसरलात?"

खरं सांगायचं तर इथं मला अण्णांचं पटतं. आमचं घर पगारावर चालतं, कांदा विकत येतो. आक्कांची लेक पुण्याला असते. भाव चढला की ती फोन करते, "आई, 70 रुपये!" दोघींच्याही तोंडून एकदमच "अगं बाई" निघतं, पण एकीचं आनंदाचं आणि दुसरीचं वैतागाचं.

"तिला कसली महागाई?" मी म्हणाले. "दर दिवाळीला पोतं जातं की इथून."

"तेच तर! पोतं पोचतं आणि ती तरी भाव सांगते. शेजारणींना ऐकवायला असेल."

अण्णांनी मग हुकमी पान टाकलं. "सरकार खरेदीही करतं. 2023 मध्ये 2410 रुपये क्विंटलनं घेतला."

आता बँकेचं गणित आक्काच करणार होत्या. "म्हणजे किलोला 24 रुपये 10 पैसे. आणि त्याच दिवसांत शहरात विकत होते 25 ला. मधल्या 90 पैशांत गाडीभाडं, हमाली, सड, कोंब, वजनाची घट? माझ्या चाळीत तीन महिन्यांत कांदा सुकून घटतो आणि उरलेल्यातला खाद वेगळा काढावा लागतो. तूट भरली कुणी?"

"भाव स्थिरीकरण निधी असतो त्याला."

"म्हणजे आपणच!"

अण्णा गप्प बसले. मला वाटलं संपलं. पण त्यांनी घरातलाच मुद्दा काढला. "आणि लाडक्या बहिणीचे महिन्याला 1500 येतात ते?"

"येतात, पण मध्ये केवायसी करायला लावलं. माझं आधार, शिवाय नवऱ्याचं आधार, ओटीपी, सर्व्हर बंद. तरी येतात, नाही म्हणत नाही. दुसऱ्याच्या हातात जात नाहीत, माझ्या खात्यात पडतात, हे मोठंच आहे." हे त्या खरंच मनापासून बोलल्या. मग बोटांवर मोजायला लागल्या. "वर्षाचे 18 हजार. क्विंटलमागं 500 रुपये पडले तर 36 क्विंटलात तेवढेच गेले. 36 क्विंटल म्हणजे दोन पिकअप. एका खात्यात भाऊ टाकतो, दुसऱ्यातून तोच काढतो."

"मग यंदा लावू नका कांदा," अण्णा म्हणाले. "मका करा."

"कांद्याचे उळे टाकून झाले मागल्या आठवड्यात."

"अहो, आत्ता तर एवढं बोललात!"

"मग? पुढल्या वर्षी सगळ्यांनी मका केला आणि कांदा चढला, तर तुम्ही 70 रुपयांनी घेणार का? त्या वेळी तुमच्या पेपरात छापून आणा, निर्यात बंद करू नका म्हणून."

अण्णा म्हणाले, ते तेव्हाच्या परिस्थितीवर अवलंबून राहील.